अर्जदार की जाहिरातदार?

एके काळी नोकरीचा अर्ज हा ठरावीक साच्याचा असे. फुलस्केप कागदावर टंकलिखित केलेला मजकूर, जन्मतारीख, शिक्षण, अनुभव, सोबत राजपत्रित अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्याच्या सत्यप्रती आणि अखेरीस ‘आपला आज्ञाधारक’. त्या अर्जात लाचारी होती, वसाहतकाळाचा वास होता. तो गेला याचे दुःख करण्याचे कारण नाही. मात्र त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती. आपण काय शिकलो आणि काय करू शकतो एवढे सांगितले की अर्जदाराचे काम संपत असे. पारख करण्याची जबाबदारी मालकाची होती आणि त्या पारखीचा खर्चही त्याचाच होता.

आजच्या उमेदवाराचे काम तेथे संपत नाही. किंबहुना तेथून ते सुरू होते. त्याने स्वतःचे ‘मार्केटिंग’ करावयाचे असते. प्रत्येक जाहिरातीगणिक रेझ्युमे नव्याने लिहावयाचा, जाहिरातीतले नेमके शब्द हेरून ते त्यात पेरावयाचे. कारण मोठ्या कंपन्यांत आलेले अर्ज प्रथम संगणकप्रणालीच्या चाळणीतून जातात आणि ती चाळणी शब्द शोधते. लिंक्डइनसारख्या संकेतस्थळावर आपले पान उघडावयाचे, त्यावर हसतमुख छायाचित्र लावावयाचे, एका ओळीत आपले वर्णन करावयाचे. तेवढ्यावरही भागत नाही. नित्य काहीतरी लिहून ‘दिसत’ राहावयाचे, इतरांच्या यशाचे अभिनंदन करावयाचे, अपरिचित अधिकाऱ्याला संदेश धाडून शिफारशीची विनंती करावयाची. संगणकाचे काम करणाऱ्याने आपले प्रोग्रॅम गिटहबवर मांडून ठेवावयाचे, संकल्पचित्रकाराने पोर्टफोलिओ सजवावयाचा. मुलाखतीची पहिली फेरी पुष्कळदा अशी असते की, उमेदवार एकटाच कॅमेऱ्यासमोर बसतो, पडद्यावर प्रश्न उमटतात आणि समोर कोणीही माणूस नसताना त्याने उत्साहाने उत्तरे द्यावयाची असतात.

या रीतीमागे एक तत्त्वज्ञानही आहे आणि त्याची जन्मवेळ सांगता येते. १९९७ साली ‘फास्ट कंपनी’ या अमेरिकन नियतकालिकात टॉम पीटर्स या व्यवस्थापनतज्ज्ञाचा एक लेख प्रसिद्ध झाला. प्रत्येक माणूस हा एक ‘ब्रँड’ आहे, तो स्वतःच्या कंपनीचा प्रमुख आहे आणि त्याचे मुख्य काम स्वतःची जाहिरात हे आहे, असा त्याचा आशय होता. भारतात नोकरी डॉट कॉम हे संकेतस्थळ त्याच वर्षी सुरू झाले. २००३ मध्ये लिंक्डइन लोकांसाठी खुले झाले आणि २०१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते २६ अब्ज डॉलर्सहून अधिक किंमत मोजून विकत घेतले. नोकरी शोधणाऱ्यांनी स्वतः भरून दिलेल्या माहितीचे बाजारमूल्य किती असते, हे त्या आकड्यावरून कळावे.

या नव्या रीतीची केवळ टवाळी करणे अन्यायाचे होईल. जुनी व्यवस्था काही सोवळी नव्हती. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या दारात सकाळी बदली कामगारांचे घोळके उभे असत आणि कोणाला आत घ्यावयाचे हे मुकादम ठरवीत असे. त्याची दस्तुरी चुकविल्याशिवाय काम मिळत नसे. भरतीचा हा अधिकार मुकादमाच्या हातून काढून घ्यावा, अशी शिफारस १९३१ मध्ये रॉयल कमिशन ऑन लेबरला करावी लागली. पांढरपेशांच्या जगातही साहेबाच्या नातलगाची चिठ्ठी चाले. ‘वशिला’ हा शब्द मराठीत इतका रुळला तो उगाच नव्हे. त्या मानाने गडचिरोलीतल्या तरुणाला पुण्यातल्या जागेची जाहिरात त्याच क्षणी हातातल्या फोनवर दिसते, ही गोष्ट लहान नाही.

शिवाय, आपल्या कामाविषयी स्पष्ट बोलता येणे हा काही दुर्गुण नाही. समर्थांनी दासबोधात मूर्खांची लक्षणे सांगताना स्वतःची स्तुती स्वतः करणाऱ्याला त्या यादीत बसविले आणि आत्मस्तुतीविषयीचा हा संकोच मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मुरला. पण त्याच भाषेत बोलणाऱ्याची माती विकते आणि न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही, अशी म्हण आहे. संकोचामुळे आपले खरे कसब झाकून ठेवणाऱ्या विद्यार्थिनीला चार वाक्ये नीट लिहावयास व बोलावयास शिकविणारा शिक्षक पुण्याचेच काम करतो. तेव्हा जो तरुण आज आपले पान सजवीत बसला आहे, त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याच्यापुढे दुसरा मार्ग ठेवलेला नाही.

प्रश्न वेगळा आहे आणि तो अर्थशास्त्राचा आहे. स्वतःची जाहिरात उत्तम केल्याने नोकरी निर्माण होते काय? उत्तर उघड आहे. एका जागेसाठी शंभर उमेदवार असतील, तर शंभरांनीही मार्केटिंगची कला आत्मसात केल्यावर जागा एकच राहते. पालखी पाहण्यासाठी दाटलेल्या गर्दीत पुढचा माणूस टाचा उंचावतो, म्हणून मागच्यालाही उंचावाव्या लागतात. थोड्या वेळाने सगळेच टाचांवर उभे असतात, सगळ्यांच्या पोटऱ्या दुखतात आणि पालखी कोणालाच अधिक चांगली दिसत नाही. एकट्याला दिलेला जो सल्ला शहाणपणाचा असतो, तोच सर्वांना दिला की निष्फळ ठरतो. नोकरीविषयक मार्गदर्शनाच्या व्याख्यानांत हा फरक सांगितला जात नाही.

जागांची स्थिती काय आहे हे सर्वांना ठाऊक आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, २०२२ मध्ये भारतातील निरक्षर तरुणांतील बेरोजगारी ३.४ टक्के, तर पदवीधर तरुणांतील २९.१ टक्के होती. निरक्षर माणसाला बेरोजगार राहणे परवडत नाही, मिळेल ते काम त्याला धरावेच लागते, हे त्या पहिल्या आकड्याचे एक कारण आहे. परंतु दुसरा आकडा डोळ्यांत अंजन घालणारा आहे. महाराष्ट्रात २०२४ च्या पोलीस भरतीत १७ हजारांच्या आसपास जागांसाठी १७ लाखांहून अधिक अर्ज आले. त्याच वर्षी जुलै महिन्यात मुंबई विमानतळावर सामान चढविण्या-उतरविण्याच्या कामासाठी थेट मुलाखती आहेत असे कळताच कलिना येथे हजारो तरुण लोटले आणि चेंगराचेंगरी होते की काय अशी वेळ आली. त्या गर्दीतल्या कोणाचा ‘ब्रँड’ कमी पडला, असे म्हणण्याचे धाडस कोणी करणार आहे काय?

आता या जाहिरातीचा जो दुसरा दावा आहे, म्हणजे योग्य माणूस योग्य जागी पोहोचतो हा, तो तपासून पाहू. मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ मध्ये एक महत्त्वाचा विचार मांडला आणि २००१ मध्ये त्याला ज्या कार्याबद्दल नोबेल पारितोषिक विभागून मिळाले त्याचा तो पाया ठरला. मालकाला उमेदवाराची खरी योग्यता दिसत नाही. म्हणून तो काही खुणांवर विसंबतो. खूण विश्वासार्ह ठरण्याची अट एकच : ती मिळविणे अयोग्य माणसाला योग्य माणसापेक्षा अधिक अवघड वा महाग पडले पाहिजे. जी खूण कोणालाही फुकट मिळते तिचा उपयोग संपतो.

नेमके हेच आज घडत आहे. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये चॅटजीपीटी अवतरल्यापासून निर्दोष इंग्रजीतला, जाहिरातीशी तंतोतंत जुळणारा अर्ज काही सेकंदांत तयार होतो. अर्ज लिहिणारे यंत्र आणि अर्ज चाळणारेही यंत्र! दोन यंत्रे एकमेकांशी बोलतात आणि मधल्या मधे माणूस ताटकळतो. सर्वच अर्ज सारखे सुबक झाल्यावर मालक काय करणार? तो अशा खुणांकडे वळणार, ज्या यंत्राला घडविता येत नाहीत : नामांकित संस्थेची पदवी, मोठ्या कंपनीतला पूर्वानुभव आणि आतल्या माणसाची शिफारस. म्हणजे एवढा खटाटोप करून गाडी पुन्हा वशिल्याच्याच फाट्यावर येऊन थांबते. फक्त त्याला आता ‘नेटवर्किंग’ म्हणतात.

ओळखीचे हे महत्त्व समाजशास्त्राला नवे नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर याने मॅसॅच्युसेट्समधील न्यूटन या गावच्या व्यावसायिक, तांत्रिक व व्यवस्थापकीय वर्गातील पुरुषांचा अभ्यास करून १९७४ मध्ये ग्रंथ लिहिला. त्यांतील ५६ टक्के लोकांना नोकरी वैयक्तिक ओळखीतून मिळाली होती आणि ती ओळखही बहुधा जवळच्या मित्राची नसून जुजबी होती. आता प्रश्न असा की, अशा जुजबी ओळखी असतात कोणाकडे? ज्याचे वडील बँकेत, काका परदेशात आणि वर्गमित्र मोठ्या कंपन्यांत, त्याच्याकडे. नंदुरबारच्या महाविद्यालयातून घराण्यातली पहिली पदवीधर म्हणून बाहेर पडलेल्या मुलीच्या परिचयात शेतमजूर असतील, ऊसतोडणी कामगार असतील, एखादा शिक्षक असेल. ती लिंक्डइनवर पान उघडू शकते. पण त्या पानाला जोडावयाची माणसे ती कोठून आणणार?

त्यातही या नव्या बाजारपेठेची जागा खाजगी मालकीची आहे. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात, लिंक्डइनने ओळखी सुचविण्याच्या आपल्या पद्धतीत पाच वर्षे निरनिराळे बदल करून दोन कोटींहून अधिक वापरकर्त्यांवर त्यांचा परिणाम पाहिल्याचे नमूद आहे. जुजबी ओळखी नोकरी मिळण्यास उपयोगी पडतात असाच निष्कर्ष त्यातून निघाला. ज्ञानाच्या दृष्टीने तो मोलाचा असेल. परंतु कोणाला कोणाची ओळख सुचवावी आणि पर्यायाने कोणापुढे कोणती संधी यावी हे एक कंपनी ठरविते आणि ज्यांच्या बाबतीत ठरविते त्यांना त्याचा पत्ताही नसतो, ही बाब लोकशाही समाजाने सहज घेण्याजोगी नाही.

ज्याला आपण ‘प्रोफाइल’ म्हणतो तिची पहिली ओळ उमेदवाराचे नाव ही असते आणि त्या ओळीचे मार्केटिंग कोणालाच करता येत नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी केलेला प्रयोग २००७ मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त प्रसिद्ध झाला. खाजगी क्षेत्रातील ५४८ जाहिरातींना त्यांनी ४,८०८ अर्ज धाडले. शिक्षण व अनुभव तोलामोलाचा, फरक नावाचा. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला पुढील बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक-तृतीयांश आढळली. यंत्राकडे हे काम सोपविल्याने पक्षपात जाईल, ही आशाही भाबडी आहे. अ‍ॅमेझॉन कंपनीने तयार करविलेली चाळणी स्त्रियांच्या अर्जांना खालचे गुण देऊ लागली, कारण ती आधीच्या दहा वर्षांतील, बहुतांशी पुरुषांच्या, अर्जांवरून शिकली होती. तो प्रयोग कंपनीने सोडून दिल्याचे २०१८ मध्ये बाहेर आले. पूर्वग्रह माणसाच्या मनातून निघून यंत्रात जाऊन बसला की तो अधिक अदृश्य होतो, एवढेच.

तथापि या सर्वांहून मोठी हानी वेगळीच आहे आणि ती कोणत्याही पाहणीत मोजली जात नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९४४ च्या फिलाडेल्फिया घोषणेत, श्रम ही क्रयवस्तू नाही, हे तत्त्व अग्रभागी ठेवले. ते लिहिणाऱ्यांना श्रम बाजारात विकले जातात हे माहीत नव्हते असे नाही. गहू विकला गेला नाही तर गव्हाला अपमान वाटत नाही; माणसाला वाटतो, एवढा भेद त्यांना अभिप्रेत होता. एरिक फ्रॉम याने १९४७ मध्येच इशारा दिला होता की, जो माणूस स्वतःकडे विक्रीची वस्तू म्हणून पाहू लागतो, त्याची स्वतःविषयीची किंमत मागणीनुसार वर-खाली होऊ लागते. गिरणीच्या दारातून परत फिरणारा बदली कामगार मुकादमाला शिव्या देत असे. त्याचा राग बाहेर वळत होता आणि त्यातूनच संघटना उभ्या राहिल्या. आज दोनशे अर्ज करूनही ज्याला एकही उत्तर येत नाही तो तरुण आपलाच रेझ्युमे पुन्हा उघडतो आणि आपले कोठे चुकले ते शोधत बसतो. त्याला नाकारणारा कोणी दिसत नाही, नकाराचे कारण कोणी सांगत नाही. तेव्हा दोषी एकच उरतो, तो स्वतः. जागांची टंचाई ही सार्वजनिक गोष्ट आहे. तिचे रूपांतर लाखो तरुणांच्या खाजगी न्यूनगंडात होणे यासारखी सत्ताधाऱ्यांची सोय दुसरी नाही.

नोकरी शोधण्याचा भार एकेकट्याच्या खांद्यावरून उतरवून तो समाजाने उचलावा, असा विचार या देशात कधी झालाच नाही असे नाही. युद्धावरून परतलेल्या सैनिकांसाठी १९४५ मध्ये सुरू झालेली सेवायोजन कार्यालये १९४८ पासून सर्वांना खुली झाली. १९५९ च्या कायद्याने सार्वजनिक क्षेत्रावर आणि २५ वा अधिक कामगार असलेल्या खाजगी आस्थापनांवर रिक्त जागा कळविण्याचे बंधन घातले. परंतु त्या कार्यालयामार्फतच भरती करावी असे बंधन मात्र कोणावर घातले नाही. कायद्याचा कणा तेथेच मोडला. पुढे ही कार्यालये नावे नोंदवून कार्डे देणारी आणि त्या कार्डांचे नूतनीकरण करणारी खिडकी बनली. आता तो कायदा २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला आहे आणि कार्यालयांना ‘करिअर केंद्र’ असे नाव मिळाले आहे. भरतीचे बंधन नसल्याचे कलम तेवढे शाबूत आहे. २०१५ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय करिअर सेवेच्या संकेतस्थळावरही उमेदवाराने आपले नाव नोंदवून वाट पाहावयाची, हे बदललेले नाही.

याउलट महाराष्ट्रानेच घडविलेले एक उदाहरण डोळ्यांपुढे आहे. पाठीवर पोते घेऊन बाजारात उभा राहणारा हमाल हा रोज स्वतःला विकणारा माणूस होता. हमालांच्या संघटनांनी लढून १९६९ चा माथाडी कायदा मिळविला. मालक व कामगार यांची नोंद मंडळात झाली. मजुरी मालकाने मंडळात भरावयाची आणि मंडळाने ती कामगाराला द्यावयाची, वर भविष्यनिर्वाह निधी व औषधोपचारासाठी मालकाने वेगळी रक्कम द्यावयाची, अशी व्यवस्था आली. या मंडळांत पुढे दोष शिरले नाहीत असे नाही. पण अक्षरओळख नसलेल्या माणसांनी आपल्या श्रमाच्या विक्रीचे नियम बदलून घेतले, एकेकट्याने अधिक मोठ्याने ओरडण्याचा मार्ग त्यांनी धरला नाही, हा त्यातला धडा पदवीधरांनी घेण्यासारखा आहे. १९७७ च्या रोजगार हमी कायद्यानेही काम हा मागण्याचा हक्क आहे, हीच भूमिका घेतली होती.

मग मागावयाचे काय? पहिली गोष्ट, जागेची जाहिरात देताना वेतन जाहीर करणे बंधनकारक असावे. युरोपीय संघाने २०२३ च्या निर्देशाने उमेदवाराला वेतनाची माहिती आधी देण्याचे आणि त्याला पूर्वीचे वेतन न विचारण्याचे तत्त्व स्वीकारले आहे. उमेदवाराने स्वतःविषयी सर्व काही उघड करावयाचे आणि मालकाने काहीच नाही, हा व्यवहार एकतर्फी आहे. दुसरी, पहिल्या छाननीत नाव, आडनाव, छायाचित्र व पत्ता झाकलेला असावा. तिसरी, यंत्राने अर्ज चाळला असेल तर ते उमेदवाराला सांगितले जावे, त्या यंत्राची स्वतंत्र तपासणी व्हावी आणि मागितल्यास माणसाकडून फेरविचार व्हावा. न्यूयॉर्क शहराने २०२३ पासून अशा प्रणालींची वार्षिक तपासणी सक्तीची केली. युरोपीय संघाच्या २०२४ च्या कायद्याने भरतीत वापरल्या जाणाऱ्या प्रणालींना मोठ्या जोखमीच्या वर्गात टाकले. भारतात याविषयी स्वतंत्र कायदा करावयास काय हरकत आहे? चौथी, प्रत्येक जिल्ह्याच्या रोजगार केंद्रात रेझ्युमे लिहिण्यापासून मुलाखतीच्या तयारीपर्यंतचे साहाय्य मराठीतून व विनामूल्य मिळावे. आज हे कौशल्य खाजगी वर्गांत शुल्क भरून विकत घ्यावे लागते, म्हणजे ज्याच्याकडे पैसा त्याचाच टाचा उंचावण्याचा सराव अधिक. आणि पाचवी, सर्वांत महत्त्वाची : शाळा, रुग्णालये, न्यायालये, ग्रामपंचायती यांतील मंजूर पण रिक्त ठेवलेली पदे भरावीत. त्या जागा निर्माण करण्यासाठी कोणालाही ‘ब्रँड’ होण्याची गरज नाही. सरकारने आपल्याच मंजुरीचा मान राखला की पुरे.

यांपैकी कोणतीही मागणी तरुणाला आपले पान बंद करावयास सांगत नाही. ते त्याने खुशाल ठेवावे, नीटनेटके ठेवावे आणि त्यात खरे तेच लिहावे. फक्त उत्तर आले नाही तर ते पान म्हणजेच आपण, असे मानू नये आणि आपल्याप्रमाणेच वाट पाहणारा शेजारचा मुलगा हा आपला प्रतिस्पर्धी आहे, असेही मानू नये. ‘स्वतःला विकावयास शिका’ असा उपदेश गावोगावच्या महाविद्यालयांत जे करीत फिरतात, त्यांना मात्र विद्यार्थ्यांनी उठून एक साधा प्रश्न विचारावा : या सभागृहातल्या सगळ्यांनी ही विद्या शिकून घेतली, तर जागा किती वाढतील?